आमच्या कंपाउंडचा थेट महापौर

मुलुंडला आमच्या एका कंपाउंडमध्ये पाच विंग आहेत आणि सोसायट्याही पाच. गेट डी विंगचं, पंपघर बीच्या जागेत, बाग सीची, ट्रान्सफॉर्मर ए विंगच्या दारात. ईच्या वाट्याला नाला आला आणि थकबाकी. मधला रस्ता सगळ्यांचा आहे, त्यामुळे तो दुरुस्त कुणीच करत नाही. पेव्हर ब्लॉकचा रंग जिथे लालाचा करडा होतो तिथे सीची हद्द संपते, आणि खड्डा नेमका त्याच रेषेवर पडलाय. सीचं म्हणणं, खड्डा करड्यात आहे. डीचं म्हणणं, सुरुवात लालात झाली.

पानांचं प्रकरण याहून नाजूक. झाडलोटीच्या मावशी सकाळी आठला सी विंगच्या पगारावर बदामाची पानं गोळा करतात आणि डीच्या हद्दीत लोटून देतात. दहाला त्यांची डी विंगची ड्युटी सुरू होते. मग तीच पानं परत सीमध्ये. दोन्हीकडचा पगार वेळेवर, कामात खाडा नाही, कुणाची तक्रार नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांवर मी थोडंफार वाचलंय, पण हद्दीचं अर्थशास्त्र इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

तर या पाच संस्थानांचं विलीनीकरण करायचं खूळ सी विंगच्या चेअरमन काकांनी मँचेस्टरहून आणलं. मुलीकडे तीन महिने राहून आले. लोक तिथून चॉकलेटं आणतात. काकांनी एकत्रित प्राधिकरण आणलं. लगेच संयुक्त सभा लागली, रविवारी संध्याकाळी, डीच्या स्टिल्टमध्ये, दोन गाड्या बाहेर काढून. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं आहे. बायकांचं अक्षर सभेच्या वेळीच लोकांना आठवतं. चहा कोण करणार, हा प्रश्नही त्यांनी बराच वेळ माझ्याकडेच बघत विचारला.

काका उभे राहिले. "ग्रेटर मँचेस्टरमध्ये दहा कौन्सिलं. 2011 साली त्यांनी डोक्यावर एक प्राधिकरण बसवलं. 2017 ला थेट जनतेतून महापौर निवडला, अँडी बर्नहॅम. त्याने खासगी कंपन्यांच्या हातातल्या बस परत प्राधिकरणाच्या ताब्यात घेतल्या. सगळ्या एका पिवळ्या रंगात! आणि दहाच्या दहा कौन्सिलं अजून जागच्या जागी आहेत."

"म्हणजे ते फेडरेशन झालं, विलीनीकरण नव्हे," डी विंगचे साहेब म्हणाले. साहेब महापालिकेतून निवृत्त झाले, पण पूर्णपणे नाही. "विलीनीकरण म्हणजे जुनी कौन्सिलं मोडायची. तेही तिकडे चाललंय. डिसेंबर 2024 ला त्यांच्या सरकारने श्वेतपत्रिका काढली. लहान कौन्सिलं एकत्र करून साधारण पाच लाख वस्तीचं एकेक कौन्सिल करायचं, आणि त्यावर महापौर. तेव्हा आधी ठरवा, आपल्याला डोक्यावर कुणी बसवून घ्यायचंय की आपलं डोकंच काढून द्यायचंय?"

हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं नाही.

"मग आपल्या मुंबईचंच का नाही बोलत?" ए विंगचा जिमवाला मुलगा म्हणाला. साहेबांना तेवढंच हवं होतं. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मिरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल. एका महानगर प्रदेशात नऊ महापालिका. वर एमएमआरडीए, म्हणजे सबंध प्रदेशाचं विकास प्राधिकरण, आहे 1975 पासून, पण त्याच्यासाठी आजवर कुणी बोटाला शाई लावून घेतलेली नाही. "पुढच्या चेकनाक्यावर जाऊन उभे राहा. बेस्टची बस वेगळी, टीएमटीची वेगळी. 2017 पर्यंत तिथे जकात होती, 2024 पर्यंत छोट्या गाड्यांना टोल होता. इथून ठाणे म्हणजे पुढचं स्टेशन!"

इथे सी विंगचे आजोबा जागे झाले. "1957 साली मुलुंड मुंबईत आलं. आम्ही जागचे हललो नाही, मुंबई हद्द घेऊन आमच्याकडे आली."

"फायदा झाला की तोटा?"

"पाणी आलं," आजोबा म्हणाले आणि परत मिटले. सबंध सभेत मुद्द्याचं एवढंच बोलणं झालं असं माझं मत आहे.

पाण्याचं नाव निघताच बी विंग सावध झाली. पंप त्यांच्या जागेत, आणि बँकेतली मोठी एफडीसुद्धा त्यांचीच. ई विंगच्या काकूंनी विचारलं, एकत्र झालो की फंड पण एकत्र ना? बीचे खजिनदार असे दचकले की जणू काकूंनी पासबुकच मागितलं. म्हणाले, "मुंबई महापालिकेच्या ठेवी 80 हजार कोटींच्या घरात आहेत. त्या कधी उल्हासनगरशी वाटून घेतल्या का?" उल्हासनगरने कधी मागितल्या होत्या, ते कुणी विचारलं नाही. आत येऊ, पण बाहेर पडायचं दार कुठलं ते आधी लिहून द्या, असा आग्रह त्यांनी धरला.

साहेबांनी तोच धागा पकडून कल्याणच्या 27 गावांचा विषय काढला. 1983 ला महापालिकेत घेतली, 2002 ला बाहेर काढली, 2015 ला परत आत. 2020 ला त्यातली 18 पुन्हा बाहेर काढायला निघाले, तर प्रकरण कोर्टात. दिल्लीने 2012 ला एका महापालिकेच्या तीन केल्या आणि 2022 ला तिन्हींची परत एक केली. 2025 ला बंगळुरूने एकाच्या पाच केल्या. लंडनची मोठी कौन्सिल 1986 ला बरखास्त झाली, आणि 2000 साली वेगळ्या नावाने तसंच काहीतरी परत उभं राहिलं, वर महापौर बसवून. मी लिहिता लिहिता समास संपवला.

खरी रंगत थेट निवडणुकीवर आली. आपल्या उपविधीत सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी चेअरमन निवडते. महापालिकेतही तेच, नगरसेवक महापौर निवडतात, अडीच वर्षांसाठी. नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, हे मात्र सरकार बदललं की बदलतं. आपला अध्यक्ष थेटच हवा, असं जिमवाल्या मुलाने टाळ्यांच्या गजरात सांगितलं. टाळ्या ए विंगच्या होत्या.

"थेटमध्ये कुणीही येतो," साहेब म्हणाले. "इंग्लंडात हार्टलपूल म्हणून गाव आहे. 2002 साली तिथल्या फुटबॉल क्लबचा माकडाचा वेश घालणारा मुलगा उभा राहिला. वचन काय, तर शाळेतल्या मुलांना फुकट केळी. निवडून आला!"

"मग? बुडालं का गाव?"

"नाही," साहेब जरा नाराजीनेच म्हणाले. "आणखी दोनदा निवडून आला. शेवटी लोकांनी मतदान करून थेट महापौराचं पदच काढून टाकलं."

सभा गंभीर झाली. मग ई विंगच्या काकूंनी विचारलं, "केळी वेलची की भुसावळची?" वेलची असतील तर त्यांचं मत पक्कं होतं.

मी मनातून फेडरेशनच्या बाजूची होते, कारण मला त्या खड्ड्यातून रोज स्कूटर काढावी लागते. म्हणून धीर करून विचारलं, अध्यक्ष थेट निवडला तर त्याच्या हातात नक्की काय देणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाने अचानक बोलावं तसं. साहेब हसले. "महापौराच्या हातात काय असतं? पहिला नागरिक म्हणतात, बंगला मिळतो. सह्या आयुक्तांच्या, आणि आयुक्त राज्य सरकारचे. मार्च 2022 ला मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं मुंबईला महापौर नव्हता. तुमचं काही अडलं?" कुणाला काही आठवेना. एक जण म्हणाला, माझं अडलं होतं, पण ते आधीपासूनच अडलेलं होतं.

इतक्यात पंपवाले भाऊ स्टिल्टच्या खांबाशी येऊन उभे राहिले. पाचही सोसायट्यांचे ते अर्धवेळ नोकर आणि पंपघराची किल्ली त्यांच्याच कमरेला. "पाणी आलंय," ते म्हणाले. "आधी कुणाला सोडू?"

पाच विंगांनी एकदम पाच उत्तरं दिली आणि सभा संपली. भाऊंनी त्यांच्या मनात आधीच जे ठरलं होतं तेच केलं. गडबडीत माझ्या हाताखाली दोन ठराव राहिले होते, ते मी लिहून टाकले: फेडरेशनच्या नावाचा विचार करण्यासाठी प्रत्येक विंगचा एक याप्रमाणे पाच जणांची उपसमिती, आणि खड्डा कुणाचा हे ठरेपर्यंत त्यावर एक कुंडी.

इतिवृत्त आता मंजुरीसाठी फिरतंय. एने एकमताने मंजूर केलं. बीने पंपघराचा परिच्छेद वगळून मंजूर केलं. सीला मँचेस्टरची बस ठळक अक्षरांत हवी आहे. ईचा कोरम भरला नाही. डीने कुंडी करड्या भागात सरकवावी अशी दुरुस्ती सुचवली आहे, आणि त्यावर सीने पुढच्या रविवारी स्वतंत्र सभा बोलावली आहे. इतिवृत्त लिहायला मलाच सांगितलंय.