‘बसून बघा, डुगडुगली नाही तर घ्या’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

इराणी हॉटेलातल्या जुन्या, गोल पाठीच्या खुर्च्या विकत घेताना काय तपासावं, यावरच्या माझ्या लेखावर एक खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी: एवढं उलटंपालटं करायची गरज नाही, बसून बघा, डुगडुगली नाही तर घ्या. प्लायवूडची बैठक म्हणजे नंतरची दुरुस्ती, हे लेखातलं विधान चूक आहे. भावाबद्दल चकार शब्द नाही. आणि शेवटी, ‘आयुष्यात कधी पटाशी हातात न धरलेल्यांनी लोकांना लाकूड शिकवू नये.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला लागलं आहे. माझे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. सुट्टीच्या दिवशी चाळीतल्या लोकांच्या खुर्च्या-पलंग आमच्या दारात दुरुस्तीला येत. सरस गरम करणं, जुने खिळे ठोकून सरळ करणं, पटाशीला दगडावर धार लावणं ही कामं आम्हा भावंडांकडे असत. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्या धारेची खूण आजही आहे. ओळख ना पाळख, आणि तुम्ही बेधडक ठोकून दिलंत की याने पटाशी धरलेलीच नाही! मुद्दा पटला नसेल तर मुद्दा खोडा. माणसाची लायकी काढायचं कारण नव्हतं. आणि समजा, नसती धरली पटाशी. पदरचे पैसे मोजून खुर्ची घेणाऱ्या गिऱ्हाइकाने ती पारखायचीच नाही का?

उलट ज्याने खरोखर हे काम केलं आहे, तो ‘बसून बघा’ एवढ्यावर थांबणारच नाही. सैल झालेल्या सांध्यात लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरला, वरून पॉलिशचा हात मारला, की दुकानात खुर्ची घट्टच लागते. घरी नेऊन वापरायला लागलं की कुरकुर सुरू. बसून कळतं ते आजचं. खुर्चीचं सगळं आयुष्य कळायला ती उलटीच करावी लागते.

या गोल पाठीच्या खुर्च्यांचा मूळ नमुना म्हणजे व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची 14 नंबरची खुर्ची, 1859 ची. बीच या युरोपातल्या झाडाचं लाकूड वाफवून लोखंडी साच्यात वाकवायचं, ही तिची करामत. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान मिळून एकच अखंड दांडा असतो. 1869 मध्ये पेटंट संपल्यावर ‘कोन’ (Kohn) कंपनीसारख्या इतर कारखान्यांनीही अशा खुर्च्या काढल्या, त्यामुळे नुसतं ‘थोनेट’ म्हणणाऱ्या दुकानदारावर जाऊ नका. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला शिक्का किंवा कागदी लेबलाचा तुकडा शोधा. तो नसला तर कमानीवर बोट फिरवत लाकडाच्या रेषा बघा. वाफवून वाकवलेल्या दांड्यात रेषा वळणाबरोबर वळतात. फळीतून कापून काढलेल्या नकलेत त्या वळणावर आडव्या तुटतात, बहुतेकदा तिथेच जोडही सापडतो, आणि जाड माणूस मागे रेलला की खुर्ची मोडते तीही तिथेच. हे बसून कळतं का, सांगा.

भुंग्याचंही तेच. बीच म्हणजे सागवान नव्हे, त्याला कीड सहज लागते. खाली वर्तमानपत्र पसरून खुर्ची आपटा. फिकट, ताजी भुकटी पडली तर किडा आत जिवंत असण्याचा संभव मोठा. ती खुर्ची घरातल्या बाकीच्या लाकडाजवळ नेऊ नका.

प्लायवूडच्या बैठकीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. नक्षी दाबलेल्या किंवा भोकं पाडलेल्या प्लायच्या बैठका मूळ कारखान्यांतूनच येत, नुसत्या वेताच्या नव्हेत. लेखातलं ते वाक्य दुरुस्त करतो आहे. पण हीच गोष्ट चार बऱ्या शब्दांत सांगता आली असती.

भावाबद्दल मी लिहिणार नाही. तो गल्लीगणिक बदलतो आणि घासाघीस ज्याची त्याने करायची असते.

पुढची प्रतिक्रिया खुर्चीबद्दल असेल तर जरूर छापेन. माझ्याबद्दल असेल तर छापणार नाही.