कर्ज फेडलं म्हणजे मटका सुटत नाही

घरातल्या कुणाचा मटका, म्हणजे आकड्यांवरचा चोरटा जुगार, उघडकीस आला की पुढचा क्रम गोव्यात ठरलेला असतो. आरडाओरडा, रडारड, देवाला गाऱ्हाणं, नारळावर हात ठेवून शपथ. आणि मग आईच्या बांगड्या सोनाराकडे जाऊन सगळं कर्ज एका फटक्यात फेडलं जातं. ‘झालं गेलं विसर, आता नव्यानं सुरू कर.’

यातली शपथ निरुपद्रवी आहे. घात करतं ते शेवटचं. एकरकमी फेडीनं त्या माणसाची पत परत उभी राहते, बुकी परत उधारीवर आकडा घेतो, आणि ‘फारच झालं तर घरचे आहेतच’ हे त्याच्या मनात पक्कं होतं. दारुड्याची यकृताची सूज उतरावी म्हणून कुणी त्याला बाटली देत नाही. इथे मात्र आपण नेमकं तेच करतो, वर त्याला माया म्हणतो.

जुगाराचा नाद हा आजार आहे, असं म्हटलं की लोक नाक मुरडतात. ‘आजार कसला, मस्ती आहे.’ अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं २०१३ साली जुगाराला दारू-ड्रग्जच्या प्रकरणात नेऊन बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आज तो व्यसनांच्याच रांगेत आहे. मस्तीचा माणूस हरला की घरी जातो. आजारी माणूस हरला की गेलेले काढायला परत तिथेच जातो.

हे असं का होतं, ते जोडीच्या हिशोबात स्वच्छ दिसतं. मटक्यात शून्य ते नऊमधले दोन आकडे निघतात, आधी ओपन आणि मग क्लोज, दोन्ही मिळून जोडी. समजा कुणी ४७ लावली, म्हणजे ओपन ४ आणि क्लोज ७. ओपन आणि क्लोज मिळून शंभर जोड्या, म्हणजे लागण्याची शक्यता शंभरात एक. रूढ भाव एकाला नव्वद, म्हणजे लावलेल्या दर शंभरातले दहा सरासरीनं गेलेच. पण खरी गोम ‘हुकण्या’त आहे. ओपन ४ आला नि क्लोज चुकला, किंवा ओपन चुकून क्लोज ७ आला, अशा जोड्या अठरा. दोन्ही आकडे एकेक घर इकडे-तिकडे, म्हणजे ३६, ३८, ५६, ५८, या चार. उलटी आलेली ७४ ही एक. एकूण तेवीस. लागते शंभरात एकदा, ‘थोडक्यात गेली रे’ मात्र तेवीस वेळा. मेंदू या हुकण्याला हार म्हणून मोजत नाही, जवळपास जिंकल्यासारखा चेकाळतो. त्यात दुपारी ओपन लागलेला असला की क्लोज येईपर्यंतचे ते दोन-अडीच तास! कामात लक्ष नाही, जेवणात नाही, डोळा मोबाईलवर.

दुसरा सापळा चार्टाचा, म्हणजे आधी आलेल्या आकड्यांच्या तक्त्याचा. ‘पंजा वीस दिवस आला नाही, आता येणारच.’ पंज्याला काही आठवत नसतं. कुठलाही एक आकडा सलग वीस वेळा ओपनला न येण्याची शक्यता शंभरात बारा आहे, म्हणजे दहा आकड्यांत असा एखादा ‘थकलेला’ बहुतेक वेळा सापडणार. गाड्यावर चार्ट घेऊन बसलेले जाणकार त्यालाच अभ्यास म्हणतात.

कॅसिनोवाल्यांची दुपटीची युक्तीही याच जातीची. रुलेटमध्ये लाल-काळ्यावर शंभर लावा, हरलात तर दोनशे, मग चारशे. एक शून्य असलेल्या चक्रावर सलग सात हरण्याची शक्यता शंभरात सुमारे एक. त्या एका वेळी १२,७०० गेले, आणि इतर प्रत्येक वेळी मिळाले फक्त शंभर. पुढची दुप्पट लावायला खिसा पुरत नाही, पुरला तर टेबलाची मर्यादा आड येते.

आपल्याकडे वाद मात्र मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजांवरच अडकलेला. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे, चांगलं आहे. पण मटका १९७६ च्या कायद्यानं बंद असूनही म्हापशापासून काणकोणपर्यंत गाड्यावर, दारूच्या बारच्या कोपऱ्यावर चिठ्ठी फाडली जातेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यानं दुकान बंद होईल, तलफ नाही. सिंगापूरचं एक मला पटतं. तिथे घरचे लोक अर्ज करून आपल्या माणसाचं नाव कॅसिनोत प्रवेशबंद करून घेऊ शकतात. मकावमध्ये कॅसिनोच्या नोकरांनाही सुट्टीच्या वेळी खेळायच्या जागेत जायची मनाई आहे. आपली शेकडो मुलं त्या जहाजांवर पत्ते वाटतात. त्यांच्या तब्येतीचा विषय विधानसभेत किती वेळा निघतो?

असो. घरात काय करायचं, ते महत्त्वाचं.

उघडकीस आलं त्या रात्री पैशाचं बोलू नका. आधी सरळ विचारा: ‘जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, नुसतं चाचरलं तरी, त्याला एकटं सोडू नका. गोळ्या आणि शेतीची विषारी औषधं कुलपात टाका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते. नाहीतर थेट बांबोळीच्या मनोरुग्णालयात चला.

दुसऱ्या दिवशी वही. कुणाचे, किती, व्याज काय, तारण काय, जामीन कोण, असे पाच रकाने. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा कधीच पूर्ण नसतो, खोटं बोलणं हे या आजाराचं लक्षणच आहे. म्हणून सिबिलचा अहवाल त्याच्यासमोर काढा, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात बँका आणि कर्ज देणारी नोंदणीकृत ॲपं दिसतील. सावकार, मित्र, बुकी दिसणार नाहीत, ते विचारूनच काढावे लागतात. फेड हप्त्यानं आणि थेट देणेकऱ्याच्या खात्यात, त्याच्या हातातून नाही. ज्या कर्जाला शेजारी किंवा मेव्हणा जामीन आहे ते आधी. बुकीची उधारी शेवटी. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे रद्दबातल असतो, बुकी कोर्टात वसुली मागू शकत नाही. धमकी दिली तर पोलीस चौकी.

पगाराचं खातं दोघांच्या सह्यांचं करा. त्याच्या फोनवरची यूपीआयची रोजची मर्यादा अगदी कमी करा, कार्ड घरच्यांकडे, खिशात चहा-बसपुरते. सोनं लॉकरमध्ये, किल्ली दुसऱ्याकडे. सरकारच्या गृह आधार योजनेचे बायकोचे दीड हजार ज्या खात्यात येतात, त्याचं कार्डही लक्षात ठेवा, ते हमखास राहून जातं. हे त्याच्या संमतीनं, त्याच्या देखत करायचं. चोरून केलं तर दुसरी वाट सापडतेच.

तलफ येते ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हातात पैसे नसले की निम्मं काम झालं. उरलेलं काम समुपदेशनाचं, ‘थकलेला आकडा’ डोक्यातून काढण्याचं, आणि ते काही महिने चालतं. सोबत दारू असेल तर दोन्हीवर एकदम उपचार हवेत. आणि एक फारसं कुणाला माहीत नसलेलं: कंपवाताच्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचा नाद लागतो. सत्तरीतले आजोबा अचानक आकडे लावू लागले तर ओरडण्याआधी औषधाची चिठ्ठी डॉक्टरला दाखवा. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

आरोग्य केंद्रात तंबाखू विचारतात, दारू विचारतात. तिथेच आणखी दोन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही: जास्त जास्त पैसे लावावेत असं कधी वाटलंय का? किती लावले याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलंय का? एकाला जरी ‘हो’ आलं तरी पुढची नीट तपासणी व्हायला हवी. आपल्या भागातल्या केंद्रात हे विचारत असतील तर कमेंटमध्ये तालुका लिहा.