आईच्या गुडघ्याला टायर म्हणणाऱ्यांना

"साठीनंतर गुडघा म्हणजे जुना टायर. जेवढं चालाल तेवढा झिजणार." मामांनी हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं फिरणं बंद. ती ६८ वर्षांची. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडण्यात तिची २५ वर्षं गेली. संध्याकाळी गल्लीतल्या चौघीजणींबरोबर मोकळ्या जागेत फेऱ्या मारायच्या, मग गोल उभं राहून चेंडू झेलायचा, एवढाच तिचा खेळ. तो सुटून तीन आठवडे झाले. आता जेवून उठताना ती एक हात भिंतीला लावते, दुसरा माझ्यापुढे करते. म्हणून हे लिहितोय.

तर टायर. टायर मेलेलं रबर आहे. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं, आणि पायावर भार पडला-सुटला की ते वंगण तिच्यात खेळतं. बसून राहिलात तर ते थांबतंच, वर मांडीचा स्नायू वाळतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. हा मेसेज गुडघा वाचवत नाही, माणसाला खाटेला खिळवतो.

असंच आणखीही ऐकवलं जातं. "म्हातारपणी ताकद परत येत नाही." बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर अभ्यास झाला, १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. सरासरी वय ८७! ज्यांच्याकडून १० आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला, त्यांची ताकद दुपटीवर गेली, चालण्याचा वेगही वाढला. माझी आई त्यांच्यापुढे पोरसवदा.

"प्रोटीन पावडर आणि भारी बूट परवडत नसतील तर व्यायामाच्या नादी लागू नका." त्याच अभ्यासात काहींना पोषक पेय दिलं होतं. नुसत्या पेयाने, व्यायामाशिवाय, अशक्तपणा हटला नाही. आता बोला. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठायला काय पैसे पडतात? शेंगदाणे आणि डाळ घरात आहेच. बूट नसले तरी झिजलेली स्लिपर मात्र नको, त्यात पाय घसरतो.

"देवाने ठोके मोजून दिलेत, पळून संपवू नका." बरं, मोजूच. अर्धा तास भरभर चाललं आणि मिनिटाला ३५ ठोके जास्त पडले, तर झाले १,०५०. रोजच्या चालण्याने बसल्या जागची नाडी ५ ने जरी उतरली, तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत ७,०५० वाचले. तुमच्याच हिशेबाने आयुष्य वाढलं की.

"जन्मभर कष्ट केले, आता कसला व्यायाम?" इथे थोडं मान्य करावं लागेल. मामांनी यार्डात ३० वर्षं पोती वाहिली. जड ओझ्याने गुडघे खरंच खराब होतात, त्यांचं दुखणं खोटं नाही. पण पोतं वाहणं वेगळं आणि मोकळ्या अंगाने चालणं वेगळं. आई तर दिवसभर मांडी घालून बसायची, तिच्या पायांना कुठला व्यायाम झाला? छातीत दुखलं किंवा गुडघा सुजला तर थांबावं, डॉक्टरांना दाखवावं, हे सांगायला मेसेज कशाला हवा?

मामा, ग्रुपवर माफीबिफी नको. फक्त आईला एक फोन करा. माझं ती ऐकत नाही, भावाचं ऐकते.