शरीराच्या एक दशांश बॉल? भावोजी, आधी वजनकाट्यावर उभे राहा

श्रावण चालू आहे, त्यामुळे आमच्या घरच्या ग्रुपवर माशांचे फोटो बंद आहेत. ती जागा सध्या फॉरवर्डांनी घेतली आहे. परवा सकाळी फोंड्याहून भावोजींनी एक लांबलचक मेसेज टाकला : ‘खूप वर्षांनी बोलिंगकडे वळताय? सामान घेण्याआधी हे सात सुवर्णनियम वाचाच.’ खाली जोडलेले हात, वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ हा शिक्का. दुपारी तोच मेसेज ऑफिसातल्या एकाने पाठवला आणि रात्री दोहाच्या जुन्या टीममधल्या मैत्रिणीने. म्हणजे हा गावभर हिंडून आलेला आहे.

बोलिंग म्हणजे क्रिकेटची नव्हे, लेन नावाच्या लांब गुळगुळीत पट्टीवर बॉल घरंगळवून दहा पिना पाडायची. हे सांगावं लागतं, कारण आमच्या आईची अजून समजूत आहे की जावई कुवेतला फिरकी टाकायचे.

एरवी मी असले मेसेज वाचतही नाही. पण भावोजी 2007 साली कुवेत सोडून आले तेव्हापासून त्यांनी बॉलला हात लावलेला नाही. आज वय 56, वजन 92 किलो, आणि दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा असा आखडला होता की सदरा ताई घालून द्यायची. आता त्यांना परत खेळायचंय, ही आनंदाची गोष्ट. भाचा अजून कुवेतलाच आहे, चवथीला येतोय, येताना बाबांसाठी बॉल आणणार आहे. कसला बॉल, तर या मेसेजात लिहिलाय तसला. इथे माझा संयम संपला.

पहिला नियम जसाच्या तसा देते : ‘बॉलचं वजन तुमच्या वजनाच्या बरोबर एक दशांश हवं. त्याहून हलका बॉल म्हणजे बायकामुलांचा खेळ.’

ठीक. 92 किलोंचा एक दशांश 9.2 किलो, म्हणजे वीस पौंडांच्या वर. आता या खेळाचे सामानाचे नियम ज्यांचे सगळीकडे प्रमाण मानतात त्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांत बॉलची कमाल मर्यादा आहे 16 पौंड, म्हणजे साधारण 7.26 किलो. याहून जड बॉल स्पर्धेत चालतच नाही, त्यामुळे कोणी बनवतही नाही. थोडक्यात, ज्याचं वजन 72 किलो 600 ग्रॅमच्या पुढे गेलं त्याला या सुवर्णनियमाप्रमाणे बोलिंग खेळताच येणार नाही. भावोजींचा वीस पौंडी बॉल भाच्याला लोहाराकडून घडवून घ्यावा लागेल. हजारो लोकांनी हा मेसेज पुढे ढकलला, पण एकानेही स्वतःच्या वजनाला दहाने भागून पाहिलं नाही!

आणि वजन वाढलं म्हणून हातातली ताकद वाढते, हे कुठलं गणित? कुवेत सोडल्यापासून भावोजी वीसेक किलोंनी भरले. ते वजन खांद्यात गेलेलं नाही. कुठे गेलं ते ताईच्या हातच्या गोड मणगण्याला विचारा.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर मलाच कोणीतरी शहाणपण शिकवील. भाड्याच्या बॉलच्या रॅकपुढे पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसाला सुरुवात कुठून करावी हे सांगायला हा एक दशांशाचा ठोकताळा वापरतात. पन्नास-साठ किलोंच्या माणसाला त्याने 11 ते 13 पौंड मिळतात, वाईट नाही. पण तो ठोकताळा आहे. त्यातलं ‘बरोबर’ आणि ‘त्याहून हलका नको’ हे कोणा दादल्याने पदरचं घातलंय. दुसरं, जड बॉल पिनेला लागल्यावर कमी भरकटतो, हेही खरं. एक पीन दीड किलोहून थोडी जास्त भरते, तिला आपटल्यावर हलका बॉल अधिक बाजूला सरकतो. मान्य.

पण तो जड बॉल टाकता आला तर ना! आघाताच्या ऊर्जेत वस्तुमान एकदा मोजलं जातं आणि वेग दोनदा, हे शाळेच्या पुस्तकातलं आहे. 16 पौंडी बॉल दमलेल्या खांद्याने ताशी 25 किलोमीटरने टाकला आणि 14 पौंडी सहज 27 ने, तर ऊर्जा 14 पौंडीचीच किंचित जास्त भरते. शिवाय एका बैठकीत तीन गेम धरले तर पन्नासेक वेळा बॉल टाकला जातो. 16 पौंडीने पन्नास वेळा म्हणजे 363 किलो, 14 पौंडीने 317. फरक 45 किलोंचा, जवळजवळ उकड्या तांदळाचं एक पोतं. सदरा ज्याला दुसऱ्याने घालून द्यावा लागत होता त्याने हे पोतं हौसेने का उचलायचं?

‘बायकामुलांचा खेळ’ याबद्दल. मी दोहात सात वर्षं 12 पौंडी बॉलने खेळले. 16 पौंडी मिरवणाऱ्या किती जणांनी मला चहा पाजला याचा हिशेब माझ्याकडे आहे, ज्याला हवा त्याने मागावा. अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडूसुद्धा आता सर्रास 15 पौंडी वापरतात. त्यांना कोणी बायकामुलं म्हटल्याचं ऐकलं नाही.

वजन ठरवायची माझी रीत साधी आहे. लेनवर जायचं, तिथलेच 12, 13, 14 पौंडी बॉल घ्यायचे आणि एकेकाने तीन-तीन गेम वेगवेगळ्या दिवशी खेळायचे. तिसऱ्या गेमलाही हात पहिल्याइतकाच मागे जातोय आणि बॉल घोट्याजवळून अलगद सुटतोय, तर ते आपलं वजन. हात आखूड पडायला लागला, खांदा वर चढायला लागला, तर एक पौंड खाली. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तिसरा आणि पाचवा नियम, एकत्रच. बॉलला अंगठा आणि दोन बोटं घालायला भोकं असतात, ती हाताच्या मापाने पाडतात. तिसरा म्हणतो, ‘जुन्या मापाचा कागद असेल तर त्यावरूनच भोकं पाडून घ्या, अंगठ्याचं भोक घट्ट ठेवा, म्हणजे बॉल निसटत नाही.’ पाचवा म्हणतो, ‘पहिले तीन आठवडे हात दुखणारच. दुखणं म्हणजे स्नायू जागे होणं. गोळी घ्या आणि खेळत राहा.’

पहिला नियम हसण्यावारी नेता येतो. हे दोन मात्र माणसाला जायबंदी करतील.

माझं सांगते. मुलीच्या वेळी खेळणं सुटलं ते सहा वर्षं. परत सुरू केलं तेव्हा दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात जुन्या मापाचा कागद दिला आणि तिथल्या माणसानेही माझा हात न बघता त्यावरून बॉल तयार करून दिला. अंगठा आत जाताना कुरकुरायचा. वाटलं, सवय होईल. महिन्याभरात अंगठ्याच्या आतल्या बाजूला मुंग्या, मग बधिरपणा. शर्टाचं बटण लावताना कळायचं नाही की बोटात बटण आहे की नाही. डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, बोलर्स थंब. भोकाची कड अंगठ्याच्या कडेच्या नसेवर रोज घासली की ती नस जाड होते आणि असं होतं. चार महिने खेळ बंद. त्या दुकानाला दोष देत नाही, कागद मीच दिला होता.

हात बदलतो. पन्नाशीनंतर पेरं जाड होतात, अंग भरलं की बोटं भरतात, आखडलेल्या खांद्यामागून मनगटाचीही लवचिकता जाऊ शकते. स्पॅन म्हणजे अंगठ्याच्या भोकापासून मधल्या दोन बोटांच्या भोकांपर्यंतचं अंतर. ते सुताभर जास्त झालं तरी तळहात ताणलेला राहतो, कमी झालं की बोटं आवळून धरावी लागतात. फिंगरटिप ग्रिपमध्ये बोटं पहिल्या सांध्यापर्यंतच जातात, साध्या ग्रिपमध्ये दुसऱ्यापर्यंत. वीस वर्षांपूर्वी फिंगरटिपने खेळणाऱ्याला आज तीच झेपेल असं नाही. म्हणून कुवेतहून भोकं पाडून बॉल आणणं हा प्रकारच उलटा आहे. बॉल कुवेतला, हात फोंड्याला, माप कोणाचं घेणार? भाच्याचं?

अंगठ्याचं भोक घट्ट नको आणि सैलही नको. हात खाली सोडला की बॉल अंगठ्यावरून न अडता सुटला पाहिजे, आणि तो हातात ठेवण्यासाठी बोटं आवळावी लागता कामा नयेत. बाहेरच्या दमट हवेतून एसीत शिरलं की अंगठा बारीक होतो, दोन गेम झाले की फुगतो. त्यासाठी भोकात चिकटवायची टेप मिळते. एक पट्टी लावायची, एक काढायची. घट्ट भोकाने बॉल निसटत नाही हे खरंच, सोडायचा असतो तेव्हाही निसटत नाही. मग हातच त्याच्यामागे जातो.

आणि गोळी. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडाशी बांधणारे कंडरे सावकाश. पहिल्या दिवशी मांड्या आणि ढुंगण दुखलं तर दुखू दे, ते वाकण्याचं दुखणं आहे, दोन दिवसांत जातं. पण खांद्याच्या टोकाशी, कोपराच्या बाहेर किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली आणि गोळीने ती दाबून पुन्हा लेनवर गेलात, तर जी सूचना शरीर देत होतं तिचा गळा तुम्हीच दाबलात. भावोजी, तुमचा खांदा सुटायला सव्वा वर्ष गेलं. ज्यांच्याकडे रोज भिंतीवर बोटं चढवायला जात होतात त्या फिजिओथेरपिस्ट बाईंना आधी विचारा. मेसेज लिहिणाऱ्याने तुमचा खांदा पाहिलेला नाही.

बाकीचे चार पटकन उरकते.

‘जुना बॉल तो जुना बॉल, कधी टाकू नये.’ प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिएस्टरचा असेल तर ठीक. तो लेनवर फासलेलं तेल पीत नाही, सरळ जातो, कोपऱ्यातली एकटी पीन उचलायला आजही तोच बरा. पण भावोजींचा रिअ‍ॅक्टिव्ह आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ही जात वळते छान, कारण तिची साल लेनवरचं तेल शोषते. ते तेल दर खेळानंतर पुसलं नाही तर आत मुरतं आणि बॉल वळायचा विसरतो. भावोजींचा तर कौलांखालच्या माळ्यावर सतरा उन्हाळे तापलाय. आधी भोकांमधल्या जागेत तडा आहे का ते उजेडात बघा, मग भावुक व्हा.

‘जाणकार बॉलला एक जादा भोक पाडून तोल साधतात, हे गुपित आहे.’ गुपित नव्हतं, रीतसर चालायचं. 1 ऑगस्ट 2020 पासून त्याच बोलिंग काँग्रेसने तोलासाठीचं भोक बंद केलं. बॉलला जेवढी भोकं तेवढी पकडीसाठी वापरलीच पाहिजेत. नुसतं मजेसाठी खेळणाऱ्याला कोणी पकडायला येणार नाही, पण पैसे देऊन आज ते पाडून घेण्यात काय शहाणपण? यावरून एवढं कळतं की हा मेसेज कुठल्यातरी जुन्या लेखावरून उचललाय.

‘महागडा बॉल घ्या, स्ट्राइक आपोआप.’ स्ट्राइक म्हणजे पहिल्याच बॉलात दहाही पिना आडव्या. भरपूर वळणारा महाग बॉल हळू टाकला की अर्ध्यातच वळून डावीकडे गटारात जातो. परतणाऱ्याचा वेग आधी हळूच असतो. पुढचं तुम्हीच समजा.

‘बुटांवर खर्च नको, कुठलेही कॅनव्हास चालतात.’ मला तर उलट वाटतं, पहिला पैसा बुटांवरच घालावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा शेवटचं पाऊल टाकणारा डावा पाय घसरला पाहिजे आणि उजव्याने धरलं पाहिजे, म्हणून चांगल्या बोलिंगच्या बुटांचे दोन तळवे वेगवेगळे असतात. भाड्याच्या बुटांचे दोन्ही सारखेच घसरतात, तरी चालतं. कॅनव्हासचा रबरी तळवा मात्र जागच्या जागी थांबतो, आणि सात किलोंचा बॉल हातात घेऊन पुढे निघालेलं धड थांबत नाही. गुडघ्याचा निकाल तिथेच लागतो. आपल्याकडे या दिवसांत पार्किंगपासून दारापर्यंत चिखल आणि पाणी. बोलिंगचे बूट घालून बाथरूमकडे एक फेरी मारलीत आणि तळव्याला ओल लागली, की पुढच्याच बॉलला तोंडावर. बूट पिशवीत न्यायचे, आत गेल्यावरच घालायचे, आणि घरी आल्यावर उघडे ठेवायचे, नाहीतर चवथीपर्यंत त्यांवर हिरवी बुरशी धरलेली असेल.

हे सगळं मी ग्रुपवरच टाकणार होते, पण ताई म्हणाली, एवढं मोठं कोणी वाचत नाही, फोन कर. केला. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग बारा की तेरा?’ म्हटलं, रविवारी तुम्ही इकडे या, लेनवरचेच घेऊन बघू. तिकडे भाच्याला परस्पर कळवून टाकलंय की बॉलचे सात किलो बॅगेत मोकळे झालेत, खजूर आण.