ब्रेकचा पाइप बांधून आरपीएम उतरवणाऱ्यांना

‘जुन्या गाडीचा आरपीएम चढलाय? गॅरेजमध्ये पैसे घालवू नका, हे पाच घरगुती उपाय करा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. (आरपीएम चढणं म्हणजे एक्सलेटर न दाबताही उभ्या गाडीचं इंजिन गरजेपेक्षा जोरात फिरणं.) आतापर्यंत मी तो न वाचताच पुढे सरकत होतो. पण परवा तो माझ्या मेहुण्यांनी पाठवला आणि खाली विचारलं, “एक नंबर करून झालाय. उद्या चार नंबर करू का?” तेव्हा मात्र बसून वाचावा लागला.

पाच उपाय असे. थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या डब्यावरचा) स्क्रू फिरवून आरपीएम उतरवा. बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून इंजिन कुठून हवा खेचतंय ते शोधा. ब्रेककडे जाणारा जाड व्हॅक्यूम पाइप चिमटा, आरपीएम उतरला तर तसाच बांधून टाका. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट, म्हणजे त्याला थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकून द्या. शेवटी अर्थातच ‘शंभर टक्के खात्रीशीर’.

चौथ्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक उपायांनी गाडी बिघडेल, याने माणूस जाईल.

तो जाड पाइप इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या जोडातून) निघून ब्रेक बूस्टरला जातो. बूस्टर म्हणजे ब्रेक पॅडलच्या रेषेत, बॉनेटखाली दिसणारा काळा गोल डबा. त्याच्या आत एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला इंजिनाचा व्हॅक्यूम असतो, आणि पॅडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते. या दोन्हींतल्या फरकाचा जोर तुमच्या पायाच्या जोरात मिळतो. पाइप बांधला की हा जोर संपला. बूस्टरमध्ये थोडा व्हॅक्यूम उरला असेल तर पहिला ब्रेक नेहमीसारखा लागूही शकतो, म्हणजे जागेवर उभ्या गाडीत तपासून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांची फसगत ठरलेली. त्यानंतर पॅडल दगडासारखं.

‘ब्रेक लागतातच, फक्त जरा जोरात दाबायचा’ अशी पुरवणीही कुणीतरी जोडली आहे. जरा म्हणजे किती? प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा 13-एच क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार चाचणीत ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी 70 मीटरच्या आत थांबली पाहिजे, आणि पॅडलवर 500 न्यूटनपेक्षा जास्त जोर लावायचा नाही. बूस्टर बंद पडला असेल तर तेवढ्याच जोराला हाच नियम 168 मीटरपर्यंत सूट देतो. 500 न्यूटन म्हणजे साधारण 50 किलोचं वजन, एका पायाने. चांगल्या गाड्या यापेक्षा लवकर थांबतात हे खरं, पण त्या चाचणीतल्या ड्रायव्हरला बूस्टर बंद आहे हे आधी माहीत असतं. रस्त्यावर समोर अचानक कुणी आलं तर पाय सवयीच्याच जोराने पडतो. माझ्या मेहुण्यांचे गुडघे तर जिना चढतानाही कुरकुरतात.

यातलं अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो: पाइप चिमटून बघणं ही खरीच चाचणी आहे, चांगले मेकॅनिकही ती करतात. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅंडब्रेक ओढलेला, आणि चिमटा क्षणभर. आरपीएम खाली आला तर त्या पाइपात, त्यातल्या एकमार्गी व्हॉल्व्हमध्ये किंवा बूस्टरच्या पडद्यात गळती आहे. म्हणजे चाचणीने सांगितलं की ब्रेकचा बूस्टर फाटला असू शकतो, आणि मेसेज म्हणतो गाठ मारा आणि निघा! खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर मदत करतोय. नाही गेलं, किंवा पॅडल धरून ठेवल्यावर आत सतत फुसफुस ऐकू आली, तर गाडी तिथेच उभी करा.

आता एक नंबर, जो करून झालाच आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंगचा (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग ठरवणारा) स्क्रू असतो आणि तो फिरवायलाच दिलेला असतो. तिथे मेसेज बरोबर आहे, अर्थात चोक अडकलेला नसेल तर. पण इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत थ्रॉटलच्या दांडीला टेकलेला तो बारीक स्क्रू आयडलिंगचा नसतोच. बटरफ्लाय, म्हणजे हवेची गोल झडप, बंद होताना नळीच्या भिंतीत रुतून बसू नये म्हणून तिथे अडण ठेवलेली असते. नीट पाहिलंत तर त्याच्या नटावर रंगाचा ठिपका किंवा वर प्लॅस्टिकची टोपी दिसेल. कारखान्याने हात लावू नका म्हणून केलेली ती खूण. चढलेला आरपीएम उतरवायला तो सैल केला की बटरफ्लाय रुतते आणि एक्सलेटर पहिल्या दाबाला अडकून एकदम सुटतो. उलटा जास्त आवळला तर ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, थ्रॉटल बंद झाल्याचं कळतच नाही, आणि मग ते आयडलिंग सांभाळायचंच सोडून देतं. मूळ बिघाड तसाच, वर आणखी एक नवा.

गरम इंजिनावर पेट्रोल. यावर खरं तर काही लिहायचीच गरज पडू नये. शेजारीच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि जुन्या प्लग वायरींमधून उडणाऱ्या ठिणग्या. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरही नको, तो खूप तापला तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघू शकतो. बारीक पाइप एकेक चिमटून बघा, कान लावून ऐका, नाहीतर गॅरेजमध्ये धुराची चाचणी (पाइपांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणं) करून घ्या. एक गोष्ट मेसेजवाल्याला बहुधा माहीतच नाही. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत अशी चोरटी हवा शिरली की ईसीयू त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोलही वाढवतं, म्हणून आरपीएम चढतो. आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाडीत ही हवा मोजणीतच येत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन बहुधा थरथरतं, डगमगतं. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे हे कळल्याशिवाय शोध अर्धवटच राहणार.

थर्मोस्टॅटचा सल्ला सगळ्यात विनोदी. इंजिन थंड असताना ईसीयू मुद्दाम आरपीएम 1200-1500च्या घरात ठेवतं आणि कूलंट तापत जाईल तसा तो साधारण 700-900वर आणतं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला वेळ लागणार, थंड हवेत तर ते पुरेसं तापणारच नाही, आणि आरपीएम आणखी वेळ वरच राहणार. म्हणजे जे घालवायचं तेच हौसेने आणायचं.

बॅटरीची वायर काढून तसं मोठं नुकसान नाही. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांना आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, तेवढ्यापुरता उपयोग आहे. पण बिघाड शोधायच्या आधी वायर काढली तर ईसीयूत साठलेले बिघाडाचे कोड पुसले जातात. आधी ते वाचून घ्या.

मेहुण्यांना मी जे कळवलं ते असं. आधी पायाखालची मॅट पॅडलवर चढली नाही ना ते पाहा; हसू नका, असं खरंच होतं. मग इंजिन गरम असताना एक्सलेटरची केबल थोडी सैल आहे का ते हाताने बघा आणि बटरफ्लायची दांडी बंद दिशेला हलकेच ढकला. आरपीएम पडला तर केबल ताणलेली आहे किंवा थ्रॉटल अडकतोय. पडला नाही तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहा. ती कमी असेल तर तापमानाचा सेन्सर हवेच्या पोकळीत राहून इंजिन थंडच असल्याचं सांगू शकतो. ईसीयूतली माहिती दाखवणारा स्कॅनर मिळाला तर रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. कूलंट उणे 40 अंश दिसला तर त्याची वायर किंवा कनेक्टर आधी तपासा. त्यानंतर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलिंगपुरती हवा सोडणारा) काढून काजळी साफ करणं, मग गॅस्केट (जोडांमधली हवाबंद पट्टी) तपासणं.

आणि तो स्क्रू पूर्वी होता तिथे, रंगाचा ठिपका जुळेल असा, फिरवून ठेवा. ठिपका पुसला गेला असेल तर मॅन्युअलमधलं माप हातात येईपर्यंत त्याला पुन्हा हात लावू नका.