गॅम्बिट म्हणजे नुसती खेळी नव्हे

निवडणुका जवळ आल्या की ‘अमुक नेत्याचा नवा गॅम्बिट’ अशा धाटणीचे मथळे दिसू लागतात, आणि आत बातमी असते ती एखाद्या गुप्त भेटीची किंवा ऐनवेळी बदललेल्या उमेदवाराची. बुद्धिबळावर जीव असल्यामुळे मला हे मनापासून खटकते. असल्या हालचालींसाठी मराठीत ‘खेळी’ हा नेमका शब्द आहे. बुद्धिबळातल्या गॅम्बिटमध्ये डावाच्या सुरुवातीलाच स्वतःचे काहीतरी पणाला लावावे लागते.

हा शब्द इटालियन ‘गांबेत्तो’वरून आला, ‘गांबा’ म्हणजे पाय, आणि गांबेत्तो म्हणजे पायात पाय घालून समोरच्याला पाडणे. स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ यांनी १५६१ च्या आपल्या ग्रंथात तो बुद्धिबळासाठी वापरला. आपल्या तालमीतली ‘टांग’ याच जातीची आहे, आणि टांग लावणारा मल्लही क्षणभर एकाच पायावर उभा असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

किंग्ज गॅम्बिट या सुरुवातीत पांढरा दुसऱ्याच चालीला राजाच्या उंटापुढचे प्यादे देऊ करतो आणि स्वतःच्या राजाची बाजू उघडी टाकतो. बदल्यात त्याला मध्यभागावर ताबा आणि मोहरी झटपट बाहेर काढण्याची संधी हवी असते. लंडनमध्ये १८५१ साली अडॉल्फ अँडरसन यांनी याच सुरुवातीतून पुढे एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीरसुद्धा देऊन मात केली होती.

क्वीन्स गॅम्बिटचे प्रकरण जरा निराळे आहे. तिथे पांढरा सी-४ वर (पटावरच्या घरांना अशी अक्षर-आकड्यांची नावे असतात) प्यादे देऊ करतो; ते काळ्याने मारले, तरी पांढऱ्याला ते बहुधा परत मिळते. काळ्याने ते हट्टाने धरून ठेवायला बी-५ वर प्यादे आणले, तर पांढऱ्याचे प्यादे ए-४ वर येते. काळ्याने सी-६ वरच्या प्याद्याने आधार दिला, तर प्याद्यांची मारामारी होऊन पांढरा वजीर एफ-३ वर येतो, आणि कोपऱ्यातला हत्ती वाचवायला काळ्याला घोडा किंवा उंट गमवावा लागतो. म्हणजे इथे त्याग फसवा आहे, पण देऊ करणे खरे आहे, आणि तेवढ्यावर हे नाव टिकले आहे.

म्हणूनच राजकारणात हा शब्द वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. जागावाटपाच्या पहिल्याच बैठकीत एखाद्या पक्षाने आपली हक्काची जागा मित्रपक्षापुढे ठेवली आणि त्या बदल्यात पुढच्या सगळ्या बोलणीची दिशा आपल्या हाती घेतली, तर तिथे गॅम्बिट म्हणावे. ती जागा खरोखरच हातची जाऊ शकते.