विमानतळाचं नाव आणि हातावरची भाकरी

नवी मुंबई विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं, यावर परदेशातल्या आगरी-कोळी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तावातावानं बोललं जातं. मागणी रास्तच आहे. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि भातशेती, मिठागरं गेली. १९८४ च्या जानेवारीत उरणच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळू लागली ती त्या लढ्यामुळे. नावासाठी २०२१ च्या जूनमध्ये मानवी साखळी झाली, २०२२ मध्ये विधिमंडळाचा ठराव झाला. लंडनमध्ये बसून ‘नावात काय आहे’ म्हणायला काही लागत नाही, कारण इथल्या कुणाच्या सातबाऱ्यावर धावपट्टी गेलेली नाही.

तरीही एक गोष्ट इथून स्पष्ट दिसते. इथे वाढणाऱ्या पोरांपर्यंत नावाची पाटी पोहोचत नाही, ताट पोहोचतं. आणि ताटाच्या बाबतीत नवी मुंबईतली घणसोली आणि लंडनमधलं हॅरो आता सारखेच आहेत. आगरी महोत्सवात भाकरीसाठी रांग लावणारे पुष्कळ, थापणाऱ्या मात्र बहुतेक पन्नाशीपुढच्या.

तांदळाची हातावरची भाकरी अवघड आहे हे खरं, पण अशक्य नाही. एक वाटी पाण्याला आधण आणायचं, चिमूटभर मीठ, एक वाटी तांदळाचं पीठ टाकून ढवळायचं, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकायचं. मग ओल्या हातानं, गरम असतानाच, मळायचं. कंटाळा इथेच येतो आणि भाकरी इथेच बिघडते: मळणं कमी पडलं की कडा फाटतात. गोळा पिठीवर न थापता पाण्याचा हात लावत एका तळव्यावरून दुसऱ्यावर फिरवत वाढवायचा. पिठीवर थापलेल्या भाकरीला तव्यावर वरून पाणी फिरवावं लागतं; ही अंगानंच ओली असते. वरचा ओलावा पुरता सुकायच्या आत उलटायची. उशीर केला तर तडे जातात आणि ती फुगत नाही. मधे जाड, कडेला पातळ झाली तरी तेच.

परदेशात घोटाळा होतो तो पिठात. चिनी-थाई दुकानातलं ‘ग्लुटिनस’ (चिकट तांदळाचं) लिहिलेलं पीठ मोदकालाही नको आणि भाकरीला तर नकोच. सगळं हाताला चिकटून बसतं. भारतीय दुकानातलं पीठ चालतं, पण जुनं असेल तर कोरडं पडतं, तेव्हा पाणी दोन-तीन चमचे वाढवावं. काचेच्या शेगडीवर ज्योत नसते. तिथे बिडाचा तवा आधी चांगला तापवून घ्यावा आणि शेवटी फडक्याच्या बोळ्यानं कडा हलक्या दाबाव्यात. त्यानं फुगते.

भाकरी निदान पुन्हा शिकता येते. धवल्यांचं, म्हणजे लग्नविधींच्या गाण्यांचं, तसं नाही. आगरी लग्नात धवलारीण मांडव, तेलवण, हळद अशा एकेका विधीला तिची तिची गाणी म्हणते, आणि ती बहुतेक तोंडपाठच चालत आली आहेत. गावाकडे वाद चालतो तो हळदीतला डीजे, दारू आणि मटणाच्या खर्चाचा. काही गावांनी त्याविरुद्ध ठरावही केले, चांगलंच आहे. पण डीजे बंद केल्यावर त्या जागी काय, हे ठरावात नसेल तर हळदीला नुसती शांतता उरेल. धवलारणीला बिदागी देऊन बोलावणं हा डीजेच्या तुलनेत किरकोळ खर्च आहे.

परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांनी स्वागत कमानीऐवजी धवलारणीच्या बिदागीला आणि तिची गाणी रेकॉर्ड करायला पाठवावेत, असं माझं मत. मात्र रेकॉर्डिंग करताना हळदीच्या गोंगाटात करू नये. दुसऱ्या दिवशी घरात बसवून, पंखा बंद करून, विधीच्या क्रमानं सगळं म्हणून घ्यावं. सोबतीची बाई हवीच, कारण एकीनं ओळ सोडली की दुसरी उचलते. प्रत्येक गाण्याआधी विधी, गाव आणि गाणारीचं नाव तिच्याच तोंडून घ्यावं. कठीण शब्दांचे अर्थ त्याच बैठकीत विचारून लिहून ठेवावेत, आणि एक प्रत गाणारीच्या घरी द्यावी.